टू पिंप अ बटरफ्लाय: वेस ओलांडली की वेशीवरच नाचला?

लूमवरचा (वडगाव, बेळगाव)
शनिवार, रात्री ११:४०

बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. जिलबी, म्हणजे उगाच पाडलेला धागा, वाटली तर संपादकांनी बिनधास्त उडवावी.

गेल्या रविवारी आमच्या कट्ट्यावर चहाच्या तीन फेऱ्या होईपर्यंत एकच वाद चालला आणि मिटला नाही, म्हणून इथं आणलोय. अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारचा २०१५ चा अल्बम, ‘टू पिंप अ बटरफ्लाय’. एकजण म्हणाला, हिपहॉपची वेस ओलांडावी तर ह्यानंच. दुसरा म्हणाला, जॅझ घातलं म्हणजे वेस ओलांडली होय? मग मामाच्या लग्नातल्या बँडात क्लॅरिनेट होतं, तोही क्रांतिकारकच.

मी पहिल्या बाजूचा. हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकलो ते मागावर. एका कानात गाणं, दुसरा कान मोकळा. मोकळा ठेवावाच लागतो. धागा तुटला की मागाचा आवाज बदलतो, ते डोळ्याच्या आधी कानाला कळतं. (मी ऐकलो, मी बघितलो असंच लिहिणार. पुण्याच्या लोकांनी व्याकरण तपासत बसू नये.) आता रॅप मागावर झकास बसतो. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं, ठाक-ठाक, ठाक-ठाक, आणि वर तो बोलतोय. कुठलाही अल्बम लावा, दोन मिनिटांत जोडी जमते. ह्यातलंही पहिलं गाणं जमलं. दुसरं ‘फॉर फ्री?’ लागलं आणि फाटलंच सगळं. एक शब्द धोट्यावर पडेना. पडतोय म्हणेपर्यंत पुढं निसटायचा. शेवटी माग बंद करून ऐकलो आणि बाबांच्या शिव्या खाल्लो. असलं काय ऐकालास, नाव काय, असं विचारले. नावाचा अर्थ सांगायची सोय नव्हती (पिंप म्हणजे बायकांचा दलाल). फुलपाखराची गाणी आहेत म्हटलो.

तर मंडळी, ही वेस ओलांडणं आहे की नाही?

---

सदाशिवपेठी_बेळगावी
रविवार, सकाळी ९:१५

धागा आवडला. मताशी असहमत.

अल्बम उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ‘वेस’ म्हणाल तर ती कधीच पडलेली होती. १९९१ मध्ये अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट ह्या रॅप गटाच्या ‘द लो एंड थिअरी’ अल्बमवर रॉन कार्टर स्वतः बास वाजवून गेला. साठच्या दशकात जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या पंचकात होता तोच. १९९३ मध्ये गुरू नावाच्या रॅपरनं ‘जॅझमॅटॅझ’ काढला, त्यात डोनल्ड बर्ड आणि रॉय एअर्स हे जॅझवाले. त्याच वर्षी खुद्द लॉस एंजेलिसमध्ये, म्हणजे केंड्रिकच्या अंगणात, फ्रीस्टाइल फेलोशिपची पोरं सॅक्सोफोननं फिरक्या घ्याव्यात तशा शब्दांच्या फिरक्या घेत होती. आणि गिल स्कॉट-हेरन, लास्ट पोएट्स ही ठेक्यावर कविता म्हणणारी मंडळी तर हिपहॉपला नाव मिळायच्या आधीची.

२०१५ मध्ये रॅपमध्ये जॅझ आणलं म्हणून टाळ्या वाजवणं म्हणजे लोंड्यावरून गोव्याला रेल्वे जाते असा शोध लावण्यासारखं आहे.

कुणी पुलित्झरचं नाव काढायच्या आधीच सांगतो: ते २०१८ मध्ये मिळालं, पण ह्याला नाही, पुढच्या ‘डॅम’ला.

---

चिकोडीचा_पावणा
रविवार, सकाळी ९:२२

बेळगावच्या माणसानं वेस, हद्द, सीमा असले शब्द घेऊन धागा काढला म्हणजे प्रतिसादांची शंभरी नक्की. कुंदा घेऊन बसलोय.

---

संपादक
रविवार, सकाळी ९:५०

कृपया संगीताच्या वेशीपुरतंच बोलावं. दुसऱ्या सीमेसाठी वेगळा धागा आहे. तो कुलूपबंद आहे.

---

तिसरं_गेट (टिळकवाडी)
रविवार, दुपारी १:०५

पुणेकर बरोबर आहेत, खरं चुकीच्या प्रश्नाला.

(नवीन लोकांसाठी: आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’.)

वीस वर्षं ऑर्केस्ट्रात बास वाजवतोय, म्हणून तेवढ्यापुरतं बोलतो. जॅझ आलं का, सॅक्सोफोन आला का, हे बघायचंच नाही. हिपहॉप उभं कशावर आहे ते बघा. ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका इमारतीत डीजे कूल हर्कच्या बहिणीची पार्टी, तिथून हिशेब धरतात. हर्कची युक्ती काय? गाण्यात जिथं सगळे थांबतात आणि नुसता ड्रम वाजतो, तेवढ्याच तुकड्यावर लोक नाचतात हे त्यानं हेरलं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागं फिरवायची. झालं चक्र. पुढं मशीन आलं, रेकॉर्डचे तुकडे उचलून वाजवणारा सँपलर आला, तरी चक्र तेच. खाली आवर्तन फिरतंय, ते कुणासाठी थांबत नाही, आणि वर माणूस बोलतोय.

रॉन कार्टर आला तरी चक्र चक्रच राहिलं. जॅझ त्यात मसाल्यासारखं पडलं, भाजी तीच.

‘फॉर फ्री?’मध्ये चक्र नाही. दोन-सव्वादोन मिनिटांचा तुकडा, पियानोवर रॉबर्ट ग्लास्पर, आणि ड्रमवाला केंड्रिकच्या शब्दांना उत्तर देतोय. हा पुढं पळाला की तो अडवतो, हा अडला की तो ढकलतो. लूमवरच्याचा धोटा त्यावर का बसला नाही ते आता कळेल. धोटा म्हणजेच चक्र.

---

सदाशिवपेठी_बेळगावी
रविवार, दुपारी १:४०

मुद्दा चांगला आहे. मग द रूट्स ह्या रॅप बँडचं काय? त्यात तर पहिल्यापासून माणसंच वाजवतात. आणि एका सव्वादोन मिनिटांच्या तुकड्यावर ७९ मिनिटांच्या अल्बमला वेस ओलांडल्याचं प्रमाणपत्र द्यायचं?

---

तिसरं_गेट
रविवार, दुपारी २:१०

रूट्सचा ड्रमवाला क्वेस्टलव्ह हातानं वाजवतो, खरं मशीनसारखं. मुद्दाम. तीच त्याची कमाल. चक्र हातानं फिरवलं तरी चक्रच की.

आणि एक अवांतर, आपल्याकडं कुणी बोलत नाही म्हणून. वेस दर वेळी कलावंतच हलवतात असं नाही, वकीलही हलवतात. १९८९ च्या डे ला सोल ह्या रॅप गटाच्या पहिल्या अल्बमात किती रेकॉर्डांचे किती तुकडे शिवलेत बघा, गोधडीच ती. १९९१ मध्ये बिझ मार्की ह्या रॅपरवरच्या खटल्यात न्यायाधीशानं सांगितलं की न विचारता तुकडा उचलणं ही चोरी. त्यानंतर प्रत्येक चिंधीला पैसे. तसली गोधडी शिवणं बहुतेकांना परवडेनासं झालं. माणसं बोलावून वाजवून घेणं हा मार्ग तेव्हापासून जास्त वापरात आला. म्हणजे केंड्रिकच्या स्टुडिओत एवढे वादक बसलेत त्याला थोडं कोर्टही कारण आहे.

---

निपाणीकर_मास्तर
रविवार, सायं. ६:३०

मी हा प्रकार नातवामुळे ऐकतो. शिव्या वगळून ऐकता येत नाही हे दुःख आहे, पण ऐकतो.

आता कोणीतरी ‘पोवाडा हाच आपला रॅप’ असं लिहिणार, त्याआधीच हात जोडतो. शाहिराच्या मागे झीलकरी असतात. शाहिराचा दम संपत आला की ते ‘जी जी रं जी’ उचलतात, शाहीर श्वास घेतो, ढोलकी-तुणतुणं चालू राहतं. दम लपवायची आमची सोय ती. रॅपरला असे झीलकरी सहसा नसतात, तो ओळींच्या फटीत श्वास चोरतो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साम्य शोधायचंच तर कलगी-तुऱ्यात शोधा. शक्ती मोठी की शिव मोठा ह्यावर रात्रभर सवाल-जवाब, हरणाऱ्याची बेअब्रू. आमच्या भागात हेच कानडीतही चालायचं, हरदेशी-नागेशी म्हणतात. ऐकणारे दोन्हीकडचे तेच.

ह्या अल्बमातली मला खरी नवी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. एक कविता आहे. काही गाणी झाली की तो ती म्हणतो, दर वेळी पहिल्या ओळीपासून, आणि दर वेळी थोडी पुढे जाऊन थांबतो. पुढचं गाणं त्या थांबलेल्या जागेतून निघतं. आमच्या कीर्तनकारांना हे अंगवळणी आहे, मूळ पद धरायचं, आख्यान फिरवून आणायचं, पुन्हा पदावर यायचं. शेवटच्या गाण्यात पूर्ण कविता होते आणि कळतं की तो इतका वेळ ती तुपाकला वाचून दाखवत होता. तुपाक हा आधीचा मोठा रॅपर, १९९६ मध्ये गेलेला. त्याच्या १९९४ च्या एका मुलाखतीतला आवाज घेऊन गप्पा जुळवल्या आहेत. शेवटी हा त्याला काहीतरी विचारतो, आणि पलीकडून उत्तर येत नाही. हा पुन्हा हाक मारतो. तिथेच अल्बम संपतो.

मी रात्री एकटाच ऐकत होतो. उठून दिवा लावला.

---

मलप्रभेकाठची (खानापूर)
रविवार, रात्री ८:४५

मास्तरांना दंडवत. पण सगळे पुरुष मिळून चक्र आणि दम मोजताय, म्हणून मी दुसरंच काही मोजलं.

सोळा गाणी. त्यात बाईचा रॅप किती? एक. ‘कॉम्प्लेक्शन’मध्ये रॅप्सडीचा, आणि तो काळ्या-गोऱ्या कातडीवर आहे, अल्बममधल्या चांगल्या जागांपैकी एक. बाकी बाया कोण? ‘फॉर फ्री?’च्या सुरुवातीला त्याला घालूनपाडून बोलणारी. ती म्हणजे अमेरिका, असं सगळे समजावून सांगतात. मग ‘लूसी’, म्हणजे ल्युसिफर, सैतान, मोहात पाडणारी. बाई म्हणजे एकतर देश नाहीतर सैतान. हे तर आमच्या गावच्या नाटकात पहिल्यापासून आहे. ही वेस त्यानं ओलांडली नाही, तिच्याकडे बघितलंही नाही.

रॅपर-गायिका लॉरिन हिलचा अल्बम १९९८ चा. त्याला ग्रॅमीत वर्षाचा सर्वोत्तम अल्बम हा मान मिळाला. ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ला तो मिळाला नाही, टेलर स्विफ्टला गेला. पण वेस म्हटलं की लॉरिनचं नाव ह्या धाग्यावर रात्री पावणेनऊला निघतंय, ते मी काढल्यावर.

ह्याउपर ‘यू’ ह्या गाण्याला मी काहीच बोलू शकत नाही. दुसऱ्या अर्ध्यात तो दारू पिऊन रडत बोलतोय, बाटलीचा आवाज येतो, श्वास अडकतो, शब्द नाकातून येतो. रॅपमध्ये पुरुष स्वतःला मोठा करतो, तो नियमच. इथं स्वतःला शिव्या घालतोय, आणि त्या ठेक्यात बसत नाहीत कारण रडताना माणूस ठेक्यात रडत नाही. तिसऱ्या गेटच्या चक्राचा मुद्दा मला ‘फॉर फ्री?’पेक्षा इथं जास्त पटतो.

---

सदाशिवपेठी_बेळगावी
रविवार, रात्री ९:३०

लॉरिनबद्दल मान्य, चूक माझीही.

माझी कसोटी साधी आहे. वेस ओलांडली म्हणायचं तर मागून गाव यायला पाहिजे. १९९७ मध्ये रॅपर मिसी एलियट आणि तिचा निर्माता टिंबलँडनं ‘सुपा डुपा फ्लाय’ काढला, अडखळणारे, मध्येच रिकामे सोडलेले ठेके. पुढची पाच-सहा वर्षं अख्खा रेडिओ तसाच वाजत होता. ह्याला म्हणतात वेस हलणं. ‘बटरफ्लाय’च्या मागून कोण आलं? खुद्द केंड्रिक २०१७ मध्ये ‘डॅम’ घेऊन परत गावात आला.

---

तिसरं_गेट
रविवार, रात्री १०:००

मागून आले की, खरं रॅपवाले नव्हेत. ह्यात सॅक्सोफोन वाजवलेला कमासी वॉशिंग्टन, त्याचा स्वतःचा तीन तासांचा ‘द एपिक’ दोन महिन्यांनी आला आणि जॅझकडं कधी न फिरकलेली पोरं तो ऐकायला लागली. रॉकवाला डेव्हिड बोवी शेवटचा अल्बम ‘ब्लॅकस्टार’ करताना जॅझचे वादक घेऊन बसला होता. त्याचा निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीच सांगतो की तेव्हा ते केंड्रिक ऐकत होते. म्हणजे गाव आलं, पलीकडच्या बाजूचं.

---

निपाणीकर_मास्तर
सोमवार, सकाळी ६:५०

मागून गाव आलं पाहिजे, ही कसोटी मला जड जाते. कुमार गंधर्व आपल्याच जिल्ह्यातले, सुळेभावीचे, जन्म १९२४. क्षयानं एक फुप्फुस निकामी झालं, देवासला काही वर्षं अंथरुणावर काढली. उठले तेव्हा लांब ताना घेण्याइतका दम राहिला नव्हता. छोटे तुकडे, मध्ये शांतता, एकदम उसळी. शिवाय अंथरुणावर पडून ऐकलेली माळव्यातली लोकगीतं. जाणकारांनी म्हटलं, हा ख्यालच नव्हे. त्यांच्या मागून फार कुणाला जाता आलं नाही, नक्कल केली की नक्कलच दिसते. मग त्यांनी वेस ओलांडली नाही म्हणायचं का?

वेस ओलांडायची म्हणून कोणी निघत नाही, पुणेकर. दम पुरेना तेव्हा दुसरी वाट काढली.

---

चिकोडीचा_पावणा
सोमवार, सकाळी ८:०५

मास्तर +१. कुंदा संपला.

---

लूमवरचा
सोमवार, रात्री ११:१०

मास्तरांचा प्रतिसाद वाचून राहवेना. खरं म्हणजे वाद ज्याच्यामुळं सुरू झाला ते मी पहिल्या पोस्टीत सांगितलोच नाही.

आमच्यातला एकजण रॅप करतो. आपल्या भाषेत, म्हणजे ‘मी खाल्लो, मी सांगितलो’वाल्या, मध्येच कानडी. त्याला हलगी पाहिजे होती. टिळकवाडीत भिंतींना गाद्या लावून केलेला एक स्टुडिओ आहे, तिथं गेलो. हलगीवाले काका आले, पहिलं वाक्य: जाळ कुठं करायचा? हलगी तापवल्याशिवाय बोलत नाही, चामडं ढिलं असलं की टोपल्यावर मारल्यासारखी वाजते. स्टुडिओवाला घाबरला, गाद्या आहेत म्हणाला. मग गच्चीवर जाऊन रद्दी पेटवलो. काका हलगी जाळावर धरून फिरवत होते, मध्येच बोटानं एक टिचकी, कान जवळ, परत जाळावर. तिसऱ्या-चौथ्या टिचकीला आवाज एकदम ‘कडाक्’ झाला. हसले. पळत खाली आलो. खाली एसी. माइक लावून होईपर्यंत हलगी परत मऊ. असं चारदा झालं. शेवटी एसी बंद करून बनियनवर बसलो.

पुढची अडचण क्लिकची, म्हणजे ठेका धरायला हेडफोनात वाजणाऱ्या टिकटिकीची. मिनिटाला ९० चा क्लिक काकांच्या कानात दिला. सोळा मात्रांत ते त्याच्या पुढं. परत केलो, परत पुढं. हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाले, ही टिकटिक मला काय सांगती, मला माझं चामडं सांगतंय. गार व्हायच्या आत वाजवायचं असतं म्हणून ते पळत होते! ठेका वाढतो तो उगीच नव्हे.

मग क्लिक काढला. आमचा गडी चार-चार ओळींचे यमक जुळवून आलेला, पाठ करून. दुसऱ्या चौकात दम संपला. तिसऱ्यात यमक सुटलं. शब्दांच्या शेपट्या गिळायला लागला. आणि मग लिहिलेलं सगळं सोडून ‘मी सांगितलो, मी सांगितलो, केळ्री (कानडीत ‘ऐका’), मी सांगितलो’ एवढंच, कधी हलगीच्या आधी, कधी नंतर. काका त्याच्याकडं बघून वाजवायला लागले. त्यानं थांबवलं की ते थांबत होते. दीड-दोन मिनिटं. आम्ही सगळे गप्प.

त्याआधी मी हलगी घालून केलेली दहा गाणी तरी ऐकलोय. सगळ्यांत हलगी कापून चक्रात बसवलेली. छान वाजतात, मागावर पण बसतात.

कट्ट्यावर ‘बटरफ्लाय’चा विषय निघाला तो ह्यावरून.

---

सदाशिवपेठी_बेळगावी
सोमवार, रात्री ११:२५

ती फाइल टाका इथं. लगेच.

---

लूमवरचा
सोमवार, रात्री ११:३२

नाही. क्लिक काढला म्हणून स्टुडिओवाल्याला वाटलं रिहर्सल चाललीय, त्यानं रेकॉर्ड दाबलंच नाही. माझ्या मोबाइलमध्ये चाळीस सेकंद आहेत, त्यात निम्मा माझाच खोकला.

---

मलप्रभेकाठची
सोमवार, रात्री ११:३५

अरे देवा.

---

तिसरं_गेट
सोमवार, रात्री ११:५०

परत करूया. स्टुडिओ नको, माझ्या गच्चीवर. दोन माइक आहेत. मी बास आणणार नाही, फक्त रेकॉर्ड दाबायला बसतो. गाडीचा आवाज येईल गेटवरून, येऊ दे. आणि मलप्रभेकाठची, तुम्ही लिहिता ते मी दुसऱ्या धाग्यावर वाचलोय. वही घेऊन या.

---

मलप्रभेकाठची
मंगळवार, सकाळी ७:१०

वही आणीन. वाचायची की नाही ते हलगी ऐकून ठरवेन.

---

चिकोडीचा_पावणा
मंगळवार, सकाळी ७:३०

मी पण येतोय. काय आणू?

---

लूमवरचा
मंगळवार, सकाळी ७:४५

रद्दी. कडबा नको, धूर होतो. आणि काडेपेटी, गेल्या वेळी तीच विसरलो होतो.